रक्तातील कोलेस्टेरॉल : शेतकरी कुटुंबाने घ्यावयाची काळजी

हृदयविकार हा शहरात खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे, कष्ट करणाऱ्या शेतकऱ्याला तो होत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. ही समजूत आता खरी राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतातील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोकांच्या रक्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण जास्त आढळले, तर सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता. या पाहणीत ग्रामीण भागातील लोकांचाही समावेश होता.

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातील तेरखेडा या गावाचे उदाहरण घेऊ. हे गाव फटाक्यांसाठी महाराष्ट्रात ओळखले जाते. फटाक्यांचे काम दिवसभर एका जागी बसून करावे लागते. शेतीतही नांगरट, पेरणी व मळणी ट्रॅक्टर आणि यंत्रावर होते. शेतात जाण्यासाठी मोटारसायकल आली. गाव हमरस्त्यावर असल्याने वडापाव, भजी व गोड चहा हाताशी आहे. म्हणजे शरीराचे कष्ट कमी झाले आणि खाण्यातील तेल, मैदा व साखर वाढली. मराठवाड्यातील बहुतेक गावांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय ?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके व पित्तरस तयार होण्यासाठी त्याची गरज असते. शरीराला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते. रक्तातून ते दोन मुख्य रूपांत वाहून नेले जाते. एलडीएल हे वाईट कोलेस्टेरॉल समजले जाते, कारण ते रक्तवाहिन्यांच्या आतील थरात साचते. एचडीएल हे चांगले समजले जाते, कारण ते साचलेले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्यास मदत करते.

ठिबक सिंचनाच्या नळीत क्षार साचू लागले की सुरुवातीला काहीच कळत नाही. पिकाला पाणी मिळत असते. एक दिवस ड्रीपर बंद पडतात आणि झाड सुकते, तेव्हा लक्ष जाते. रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे. कोलेस्टेरॉल वाढले म्हणून काही दुखत नाही, ताप येत नाही. अनेकांना त्याचा पत्ता हृदयविकाराचा किंवा अर्धांगवायूचा झटका आल्यावरच लागतो.

रक्त तपासणी करून घ्यावी

माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवता येत नाही. त्याचप्रमाणे रक्त तपासल्याशिवाय कोलेस्टेरॉल कळत नाही. तिशीनंतर प्रत्येकाने एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी. घरात वडील किंवा भावाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तसेच मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर टाळाटाळ करू नये. पाळी गेल्यानंतर स्त्रियांचे कोलेस्टेरॉल वाढते, म्हणून घरातील स्त्रियांचीही तपासणी करावी. अहवाल वाचताना पुढील प्रमाणे लक्षात ठेवावीत. ती दर डेसीलिटर रक्तातील मिलिग्रॅममध्ये आहेत.

• एकूण कोलेस्टेरॉल : २०० पेक्षा कमी असावे.
• एलडीएल : १०० पेक्षा कमी असणे उत्तम. हृदयविकार असलेल्यांसाठी डॉक्टर याहून कमी पातळी ठरवतात.
• एचडीएल : पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा जास्त असावे.
• ट्रायग्लिसराइड : १५० पेक्षा कमी असावे.

तेल कोणते व किती वापरावे ?

आहारातील संपृक्त स्निग्धांश जास्त झाले की यकृत रक्तातील एलडीएल पुरेसे उचलून घेत नाही व त्याची पातळी वाढते. करडईच्या तेलात संपृक्त स्निग्धांश १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅमपेक्षा कमी असतात. सूर्यफुलात ते सुमारे ११, सोयाबीनमध्ये १५, शेंगदाण्यात २० ग्रॅमच्या आसपास असतात. पामतेलात मात्र हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते, तर तुपात निम्म्याहून जास्त असते. हॉटेलातील तळण व स्वस्त फरसाण बहुधा पामतेलातच केलेले असते.

पूर्वी आपल्या भागात रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याच्या कडेने करडईच्या ओळी असत. काट्यांमुळे जनावरे पिकात शिरत नसत आणि घरच्या तेलाची सोय होत असे. सोयाबीन व हरभऱ्याचे क्षेत्र वाढत गेले तशी करडई मागे पडली. पाच माणसांच्या कुटुंबाला दरडोई महिना अर्धा लिटर या हिशेबाने वर्षाला ३० लिटर तेल पुरते. घाण्यावर एवढे तेल निघण्यास सुमारे सव्वा क्विंटल करडई लागते. पाऊसमान बरे असल्यास ती अर्ध्या एकरातील कोरडवाहू पिकातून मिळू शकते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ हा वाण कोरडवाहू शेतीत परिचित आहे. करडईचे तेल फोडणीसाठी वापरावे, वारंवार तळण्यासाठी नको. महिना-दोन महिन्यांनी शेंगदाणा तेलाची पाळी द्यावी. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

तेल कोणतेही असो, त्याचे प्रमाण महत्त्वाचे आहे. घाण्याचे तेल चांगले म्हणून सढळ हाताने ओतल्यास वजन वाढते. महिन्याचे तेल एकदाच मोजून वेगळे काढावे व तेवढ्यातच भागवावे.

आहारात करावयाचे बदल

१. ज्वारीची भाकरी पुन्हा मुख्य अन्न करावी. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, तर मैदा व पांढऱ्या तांदळात ते ३ ग्रॅमच्या आसपासच असतात. पाव, खारी व बिस्किटे मैद्याची असतात.

२. तूर, मटकी, मूग, हरभरा व हुलगा यांपैकी एक तरी डाळ किंवा उसळ रोजच्या दोन्ही जेवणांत असावी. कडधान्यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले बांधून ठेवतात. मग नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते.

३. घरचे सोयाबीन विकताना थोडे घरासाठी ठेवावे. कच्च्या सोयाबीनचे पीठ खाऊ नये, कारण त्यातील काही घटक प्रथिने पचू देत नाहीत. दाणे उकळत्या पाण्यात २५ ते ३० मिनिटे शिजवून, कडक उन्हात वाळवून भरडावेत व साल पाखडून काढावी. नऊ किलो ज्वारी किंवा गव्हात अशी एक किलो डाळ मिसळून दळावे.

४. जवस भाजून, कुटून चटणी करावी व रोज दोन चमचे खावी. अख्खे जवस न पचता बाहेर पडते.

५. मेथी, शेपू, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याची भाजी, शेवगा व हंगामातील फळे भरपूर खावीत. उपवासाला साबुदाणा व तळलेले वेफर्स यांऐवजी भगर, ताक, रताळे व फळे घ्यावीत.

६. दिवसातून सहा कप चहा व प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर जवळपास ६० ग्रॅम साखर पोटात जाते. जादा साखर व दारू यांमुळे ट्रायग्लिसराइड वाढते. चहा दोन कपांवर आणावा व त्यातील साखर निम्मी करावी.

खवा, तूप आणि मटण

भूम-वाशी भागात खव्याचा धंदा मोठा आहे व त्यावर अनेक कुटुंबे अवलंबून आहेत. धंदा जरूर करावा, परंतु खवा काय आहे हे लक्षात घ्यावे. म्हशीच्या एक लिटर दुधात ६० ते ७० ग्रॅम स्निग्धांश असतात. ते सर्व पाव किलोच्या आतबाहेरील खव्यात उतरतात. म्हणून पेढा-बर्फी सणावारापुरती ठेवावी. रोज साय काढलेले दूध, दही व ताक घ्यावे. भाकरीवर तुपाची धार न धरता चमच्याने मोजून एक चमचा घ्यावा.

उस्मानाबादी शेळीचे मटण आपल्या जिल्ह्याचा मान आहे. ते पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नाही. आठवड्याला एकदा, चरबी काढून टाकलेले थोडे मटण चालते. भेजा, कलेजी व वजडी यांत कोलेस्टेरॉल जास्त असते, ती टाळावीत. रश्श्यावरील तर्री काढून टाकावी, चव रश्श्यातच असते.

व्यायाम व व्यसने

शेतात जाऊन येणे म्हणजे व्यायाम झाला असे नाही. मोटारसायकलवर जाऊन, बांधावर उभे राहून मजुरांवर देखरेख केल्याने शरीराला चालना मिळत नाही. आठवड्यातून पाच दिवस किमान अर्धा तास, थोडा दम लागेल इतपत भरभर चालावे. शेत दोन किलोमीटरच्या आत असल्यास पायीच जावे. दिवसभर बसून काम करणाऱ्यांनी दर तासाला उठून चार-पाच मिनिटे फिरावे. नियमित व्यायामाने एचडीएल वाढते व ट्रायग्लिसराइड कमी होते.

फटाक्यांच्या कारखान्यात काडेपेटी व बिडी नेता येत नाही, हे तेरखेड्यातील लहान मूलही जाणते. तीच शिस्त शरीरासाठी पाळावी. बिडी-सिगारेटने एचडीएल कमी होते व रक्तवाहिन्यांच्या आतील थराला इजा होते. तंबाखू व गुटखाही हृदयाला घातकच आहे.

औषधे व तातडीचा उपचार

वरील बदल मनापासून केल्यास एलडीएल साधारणपणे १० ते १५ टक्क्यांनी उतरू शकते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून फरक पाहावा. परंतु ज्यांना हृदयविकार किंवा मधुमेह आहे, अथवा ज्यांचे एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना आहाराबरोबर औषधही लागते. अहवाल चांगला आला म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. तो आकडा गोळ्यांमुळेच उतरलेला असतो.

छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत कळ, घाम व दम लागणे ही लक्षणे पित्ताची समजून सोडा पिण्यात वेळ घालवू नये. मधुमेही व्यक्तीत दुखणे फारच सौम्य असू शकते. रुग्णाला चालवत किंवा मोटारसायकलवर न नेता ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयाचा बंद पडलेला रक्तपुरवठा जितका लवकर सुरू होईल तितका हृदयाचा स्नायू वाचतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, कोलेस्टेरॉल कमी करणारे बहुतेक अन्न बाजारातून आणावे लागत नाही. ज्वारी, करडई, जवस, हुलगा व तूर आपल्याच काळ्या जमिनीत पिकतात. येत्या रब्बीत बाजाराच्या पिकाबरोबर अर्धा एकर घरच्या ताटासाठी राखावा आणि पेरणीपूर्वी घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे रक्त तपासून घ्यावे.