रुतलेली पिकअप आणि कालमारचा रसायनतज्ज्ञ

निसान कंपनीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं की मेक्सिकोच्या मोरेलोस राज्यातला आपला सिवॅक कारखाना मार्च २०२६ पर्यंत बंद होईल आणि तिथलं उत्पादन आग्वासकालिएन्तेसला हलवलं जाईल. १९६६ साली सुरू झालेला हा निसानचा जपानबाहेरचा पहिला कारखाना. उद्योगाच्या पानावर बातमी आली आणि गेली. पण मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांत या कारखान्याची ओळख निराळी आहे. मागे कठड्यांचा हौदा असलेली छोटी पिकअप तिथल्या प्रत्येक आठवडी बाजारात उभी दिसते, तिच्या कित्येक पिढ्या सिवॅकमध्ये जुळल्या. मक्याची पोती, चारा, डुकरं, गॅसच्या टाक्या, शाळेला निघालेली पोरं, सगळं तिच्याच हौद्यातून जातं.

आणि पाऊस सुरू झाला की हीच पिकअप चिखलात रुतते. मध्य मेक्सिकोत वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. कोरडवाहू मका याच पावसावर येतो, त्यामुळे शेतावर जाण्याची सर्वात जास्त गरज आणि रस्त्याची सर्वात वाईट अवस्था एकाच वेळी येतात. गाव ते शेत हा रस्ता बहुधा मातीचाच. गाडी रुतली की माणसं जमतात, चाकाखाली दगड, फांद्या, मक्याची वाळलेली ताटं जातात, दोर बांधला जातो, कुणी ट्रॅक्टर आणतो, डोंगराकडच्या गावात बैलजोडीही कामाला येते. सल्लेही मिळतात. त्यातले दोन हमखास: ‘हौद्यात माणसं चढवा, वजन वाढलं की चाक पकडेल’ आणि ‘रेस दे, थांबू नको’. पहिला सल्ला काही ठिकाणी अगदी बरोबर आहे आणि काही ठिकाणी साफ चूक. दुसरा जवळजवळ सगळीकडे चूक. हे असं का, ते एका स्वीडिश माणसाला विचारायला हवं.

आल्बर्ट आटरबेर्ग हा रसायनतज्ज्ञ. जन्म १८४६ चा. १८७७ पासून तो स्वीडनच्या कालमार शहरातल्या रसायन व बियाणे तपासणी केंद्राचा प्रमुख होता. ओटच्या जातींचं वर्गीकरण करणं, बियाणं तपासणं हे त्याचं रोजचं काम. पन्नाशी उलटल्यावर तो मातीकडे वळला, तेही शेतीसाठीच. कोणती चिकणमाती कधी नांगरता येते, हे आकड्यांत सांगता येईल का, असा त्याचा प्रश्न होता. १९११ मध्ये त्याने उत्तर छापलं. तीच चिकणमाती पाण्याच्या प्रमाणानुसार वेगवेगळ्या अवस्थांतून जाते आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या सीमा मोजता येतात. त्यासाठी लागणारी साधनं म्हणजे एक वाटी आणि दोन तळहात.

मेक्सिकोतल्या कोणत्याही स्वयंपाकघरात आटरबेर्गच्या या सीमा रोज ओलांडल्या जातात. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळून त्याची ‘मासा’ करतात. पाणी कमी पडलं तर तोर्तिया थापताना कडा चिरतात. नेमकं पाणी असलं तर गोळा हवा तसा दाबला जातो आणि दाबला तसाच राहतो. तीच मासा आणखी पाण्यात कालवून उकळली की ‘आतोले’ होतं, कपात ओतून प्यायचं पेय. मका तोच, पाणी बदललं. चिरणारी मासा म्हणजे आटरबेर्गच्या भाषेत आकार्यतेच्या सीमेखालची माती. थापता येणारी मासा सीमेच्या वरची. आणि आतोले म्हणजे द्रवतेची सीमा ओलांडलेली माती, जिला स्वतःची ताकद जवळजवळ उरलेली नाही. थापता येणं आणि ओतता येणं यांत पाण्याचं किती अंतर आहे, यावर त्या मातीचा स्वभाव ठरतो. वाळूत हे अंतर नसतंच. वाळूची तोर्तिया थापता येत नाही.

ग्वानाहुआतो, केरेतारो आणि मिचोआकान या राज्यांत पसरलेल्या बाहिओ या सपाट सुपीक पट्ट्यात हे अंतर फार मोठं आहे. तिथली काळी जमीन ज्वालामुखीच्या खडकांची झीज होऊन तयार झाली आहे. याच मिचोआकानमध्ये २० फेब्रुवारी १९४३ रोजी दिओनिसिओ पुलिदो या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि पारिकुतिन हा ज्वालामुखी जन्माला आला, इतका हा प्रदेश आजही जिवंत आहे. बाहिओच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. त्यांचे थर साधारण एक नॅनोमीटर जाडीचे, आणि थरांच्या मधल्या फटीतही पाणी शिरतं. अशा शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमला सात-आठशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणून ही माती उन्हाळ्यात फुटाफुटाच्या भेगा पाडते आणि पावसात फुगून भेगा मिटवते. एकदा भेगा मिटल्या की पाणी खाली उतरायला वाट राहत नाही. ते रस्त्यावरच, चाकोरीत, साचून राहतं.

आता हौद्यातल्या माणसांकडे वळू. फ्रेंच अभियंता कूलाँ याने १७७३ मध्ये मांडलेला हिशेब असा: मातीची पकड दोन गोष्टींची बनते. एक चिकटपणा, तो वजनावर अवलंबून नसतो. दुसरं घर्षण, ते वजनाबरोबर वाढतं. वाळूत आणि मुरमात घर्षणच सगळं काही. पिकअपचं इंजिन पुढे आणि बहुतेक साध्या पिकअपमध्ये ओढणारी चाकं मागे, त्यामुळे रिकामा हौदा म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर वजन कमी. नदीपात्रातल्या वाळूत मागची चाकं घसरत असतील तर हौद्यात माणसं चढवल्याने खरंच फायदा होऊ शकतो. पण पाण्याने तुडुंब भरलेल्या चिकणमातीत गणित उलटं होतं. याचं कारण कार्ल टेर्झागीने सांगितलं. इस्तंबूलमध्ये शिकवत असताना सिगारच्या रिकाम्या खोक्यांपासून केलेल्या उपकरणांवर त्याने प्रयोग केले आणि १९२५ मध्ये मृदा-यांत्रिकीचा पाया घालणारा ग्रंथ छापला. ओल्या चिकणमातीवर अचानक वजन टाकलं तर ते मातीच्या कणांवर पडत नाही, मधल्या पाण्यावर पडतं. कण एकमेकांवर जास्त दाबले जातच नाहीत, म्हणून घर्षण वाढत नाही. पाणी निघून गेलं तर वाढेल, पण चिकणमातीतून पाणी निघायला दिवस नव्हे, महिने आणि वर्षं लागतात. तोवर हौद्यातली माणसं गाडीला फक्त खाली दाबतात.

हे ‘वर्षं लागतात’ मेक्सिकोइतकं कुणी अनुभवलेलं नसेल. मेक्सिको सिटी जुन्या तळ्याच्या चिकणमातीवर बसली आहे. तिच्या काही थरांत घन मातीच्या कित्येक पट वजनाचं पाणी आहे. शहराने पिण्यासाठी भूजल उपसलं आणि विसाव्या शतकात काही भाग नऊ मीटरहून जास्त खचले. उपसा आणि खचणं यांचं नातं गणिताने पक्कं करणाऱ्यांत नाबोर कारिल्यो हा मेक्सिकन अभियंता होता. तो हार्वर्डमध्ये शिकला आणि पुढे मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा कुलगुरू झाला. शहराच्या पूर्वेला टेस्कोकोमध्ये आज त्याच्या नावाचा तलाव आहे. तो खोदलेला नाही. विहिरींतून पाणी उपसून जमीन मुद्दाम खचवली आणि झालेल्या खळग्यात तलाव भरला. शास्त्रज्ञाचं इतकं चपखल स्मारक मला दुसरं माहीत नाही.

मग चिखलात गाडी तरते कशाच्या जोरावर? पसरलेल्या चाकाच्या. साध्या आकड्यांत पाहू. टायरचा जमिनीवरचा दाब ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. ३५ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. मऊ ओल्या चिकणमातीची पकड दर चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो धरली तर ती त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे एक-सव्वा किलो, भार पेलते. अडीच किलोचा दाब तिला झेपत नाही, चाक खाली जातं. हवा निम्मी सोडली की टायर पसरतो, दाब सव्वा किलोवर येतो आणि गाडी तरण्याच्या बेतात येते. शिवाय चिकटपणा क्षेत्रफळाने वाढत असल्याने पकडही वाढते. चाकाखाली फांद्या आणि मक्याची ताटं घालणारा शेतकरी नेमकं हेच करत असतो: भार पसरवणं. अशा वेळी हौद्यातली माणसं आणि पोती आधी खाली उतरवायची. हवा सोडली तर पक्का रस्ता येईपर्यंत हळू चालवायचं आणि लगेच भरून घ्यायची.

आणि ‘रेस दे’ का चूक? जागच्या जागी फिरणारं चाक साचलेलं पाणी मातीत कालवतं. थापता येणाऱ्या मासेचं आतोले चालकच करत असतो. त्यात साध्या डिफरन्शियलची रचना अशी की दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळतो. एक चाक बुळबुळीत खड्ड्यात फिरत असेल तर त्याला जेवढा अडथळा होतो, तेवढाच जोर कोरड्या बाजूच्या चाकाला मिळतो. इंजिन कितीही मोठं असो. म्हणून अनुभवी चालक हँडब्रेक थोडा ओढून गाडी हलकेच काढायला पाहतात. फिरणाऱ्या चाकाला ब्रेकने अडवलं की दुसऱ्याच्या वाट्याला जोर येतो.

इथे मला जाहिरातींबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. चिखलाचे फवारे उडवत जाणारी फोर बाय फोर पिकअप दाखवून ताकद विकली जाते. चारही चाकं ओढू लागली तर पकड सुधारते हे खरं. पण माती पेलेल किती, हे त्याने बदलत नाही. तळ चिखलाला टेकला की चार ओढणारी चाकंही हवेत फिरल्यासारखी फिरतात. वाहन आणि जमीन यांच्या नात्याचं शास्त्र उभं करणारा पोलिश अभियंता मिएचिस्लाव बेकर याने हा विषय १९५६ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. पुढे चंद्रावरच्या गाडीच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर गेलेल्या त्या गाडीचं पृथ्वीवरचं वजन सुमारे २१० किलो आणि प्रत्येक चाकाला पाव अश्वशक्तीची मोटर. चारही मिळून एक अश्वशक्ती! चंद्राचं गुरुत्व कमी आणि तिथे पाण्याचा थेंब नाही हे धरूनही, मोकळ्या भुसभुशीत जमिनीवर दोन माणसं नेणाऱ्या या गाडीचा भरवसा तारांच्या जाळीच्या पसरट चाकांवर होता.

टेर्झागी आणि बेकर यांची नावं अभियांत्रिकीच्या वर्गात आदराने घेतली जातात. आटरबेर्गचं नाव मात्र चाचणीपुरतं उरलं आहे. तो १९१६ मध्ये गेला. त्याच्या सीमा अभियंत्यांच्या हाती आल्या त्या टेर्झागी आणि आर्थर कासाग्रांदे यांच्यामुळे. कासाग्रांदेने १९३२ मध्ये वाटीला ठराविक उंचीवरून ठोके देणारं उपकरण बनवलं. आज जगातल्या जवळपास प्रत्येक रस्त्याच्या, धरणाच्या, इमारतीच्या मातीची चाचणी या सीमांनी होते. पण ती चाचणी शेतकऱ्याच्या प्रश्नातून आली हे विसरलं गेलं, आणि त्याबरोबर हेही विसरलं गेलं की मातीच्या रस्त्याचा पहिला शत्रू पाणी आहे, गाडी नव्हे. ओआहाका राज्यात ५७० नगरपालिका आहेत, त्यांतल्या कित्येक डोंगरात. तिथे गावाने मिळून श्रमदान करण्याची ‘तेकिओ’ ही जुनी रीत आहे. गेल्या काही वर्षांत सरकारी पैशातून गावकऱ्यांनीच हाताने काँक्रीटचे रस्ते बांधले. असे रस्ते टिकतात ते कडेच्या गटारामुळे आणि मोऱ्यांमुळे. काँक्रीटखालची चिकणमाती भिजली की तीही त्याच सीमा ओलांडते.

बाहिओची काळी जमीन आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्याची काळी जमीन एकाच गटात मोडतात. त्यांची खडकापासूनची जन्मकथा आणि खनिजं मिळतीजुळती आहेत. वापसा आल्याशिवाय शेतात औत घालायचं नाही, हे आपल्या शेतकऱ्याला आटरबेर्गच्या आधीपासून माहीत आहे. तेच शहाणपण रस्त्यालाही लावता येतं. रस्त्यावरची चिमूटभर माती तळहातावर घेऊन वळा. तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता वळली गेली तर माती अजून थापण्याजोगी आहे, भरलेली गाडी घालू नका. वळी तुटून भुगा होऊ लागली की जायला हरकत नाही. आणि पावसाळ्यात तुमच्या गावाच्या पाणंद रस्त्याचा विषय ग्रामसभेत निघेल, तेव्हा मुरूम किती ब्रास टाकणार हे नंतर विचारा. आधी विचारा की पाणी कुठून काढणार, गटार कुठे आहे आणि रस्त्याला उतार किती आहे. उत्तर मिळाल्याशिवाय कामाला मंजुरी देऊ नका.