नाव हरवलं, खुणा उरल्या

हाकू नावाच्या मुलाची गोष्ट तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीय? जपानच्या हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ हा ॲनिमे चित्रपट २००१ साली आला आणि २००३ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्यातली युबाबा नावाची चेटकीण लोकांची नावं काढून घेते. दहा वर्षांच्या चिहिरोचं नाव ती कापून नुसतं ‘सेन’ करून टाकते. हाकू तर स्वतःचं खरं नाव पार विसरलेला असतो. नाव आठवत नाही म्हणून घरी जायची वाट नाही!

शेवटी काय होतं? चिहिरोला अचानक आठवतं की अगदी लहान असताना तिचा बूट नदीत पडला होता आणि तो काढायला जाऊन तीही पाण्यात पडली होती. त्या नदीचं नाव ती उच्चारते आणि हाकूला सगळं झर्रकन आठवतं. तो मुलगा नसतोच, त्या नदीचा देव असतो. आणि त्याची नदी बुजवून तिथे केव्हाच इमारती उभ्या राहिलेल्या असतात.

आमोण्याच्या मुलांना हे फार परकं वाटू नये. घर सुटलेले देव आपल्याकडेही आहेत. पोर्तुगीज काळात दिवाडी बेटावरचा गणपती खांडोळ्याला आला; तुमच्या गावचा पूल ओलांडला की पलीकडेच. दिवाडीचाच सप्तकोटेश्वर डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्याने बांधवलं. या देवांची घरं बदलली, पण नावं मात्र लोकांनी जपून ठेवली.

पण समजा, नावच गेलं तर? एखाद्या खऱ्याखुऱ्या मुलाला नुसत्या खुणांवरून घर सापडेल?

सापडलंय! १९८६ साली पाच वर्षांचा एक मुलगा मोठ्या भावाबरोबर बुऱ्हाणपूर स्टेशनवर आला. भाऊ कुठेतरी गेला, हा झोपला, आणि मग एका रिकाम्या डब्यात शिरून पुन्हा झोपला. गाडी सुटली ती थेट कलकत्त्याकडे. तिथे त्याला गावाचं नाव विचारलं, तर तो सांगायचा ‘गिनेस्टले’. असं गाव कुणालाच माहीत नव्हतं. अखेर एका जोडप्याने त्याला दत्तक घेतलं आणि १९८७ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर गेला. त्याचं नाव सरू ब्रायर्ली. तो हिंदी विसरला. भारतातल्या आईचं आडनावही त्याला ठाऊक नव्हतं.

काही गोष्टी मात्र तो विसरला नाही. स्टेशनजवळची पाण्याची टाकी, रूळांवरचा पादचारी पूल, तो जिथे खेळायचा ती नदी आणि तिथलं धरण. मोठा झाल्यावर त्याने काय डोकं लढवलं बघा. आपण साधारण किती तास गाडीत होतो आणि त्या काळी गाड्या किती वेगाने धावायच्या, याचा गुणाकार करून त्याने अंतर काढलं. कलकत्त्याभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ मनात धरलं. मग उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांत एकेका रूळावरून तो रात्र रात्र मागे मागे जात राहिला. २०११ साली ती टाकी दिसली. बुऱ्हाणपूर! तिथून पुढे त्याचं गाव खांडवा, पूल, धरण, सगळं जसंच्या तसं. त्याचं ‘गिनेस्टले’ म्हणजे खांडव्यातला गणेश तलाई हा भाग होता. पुढल्या वर्षी तो तिथे गेला, ओळखीच्या गल्ल्यांतून पायांनीच वाट काढत घरापाशी पोहोचला. आई जवळच राहत होती, पोरगा परत येईल म्हणून ती गाव सोडून गेलीच नव्हती. तिथेच त्याला कळलं की आपलं खरं नाव सरू नव्हे, शेरू.

मला यातलं सगळ्यात नवल वाटतं ते हे, की नावं बिघडली आणि नकाशा टिकला. असं का व्हावं?

आपल्या मेंदूत, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटासा भाग आहे. १९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूत एक गंमत दिसली. उंदीर खोलीच्या एका ठरावीक जागी आला की तिथल्या काही ठरावीक पेशी जाग्या व्हायच्या, आणि दुसऱ्या जागी गेला की दुसऱ्या. म्हणजे मेंदू जागांची नोंद ठेवत होता. या शोधासाठी २०१४ मध्ये त्यांना, मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासह, नोबेल मिळालं.

अमेरिकेतले हेन्री मोलेसन यांची गोष्ट तर आणखीच अजब आहे. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूचा हाच भाग बराचसा काढून टाकण्यात आला. त्यानंतर नवीन काही लक्षात राहीना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले, तरी यांना नवखेच वाटायचे. पण शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी ते ज्या नव्या घरात राहायला गेले, त्या घराच्या खोल्यांचा आराखडा त्यांनी पुढे कागदावर काढून दाखवला! रोज त्याच दारांतून ये-जा करता करता घर त्यांच्या मेंदूत उरल्यासुरल्या वाटांनी शिरलं होतं.

मग आपल्याला दोन वर्षांचे असतानाचं काही का आठवत नाही? बहुतेक मोठ्या माणसांची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याच्या आधीचं पुसलंच गेलं, असं आपण धरून चालतो. टोरांटोच्या संशोधकांनी उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग केला. पिल्लं मोठी होऊन लहानपणचा अनुभव विसरली होती. संशोधकांनी त्या अनुभवाच्या वेळी जाग्या असलेल्या पेशी प्रकाशाने पुन्हा जाग्या केल्या, आणि उंदीर पूर्वीचं आठवल्यासारखे वागू लागले. म्हणजे आठवण मांडवीच्या तळाशी बसलेल्या माशासारखी होती. होती तिथेच, फक्त गरी पोचत नव्हती. चिहिरोच्या बुटाने हाकूसाठी नेमकं गरीचं काम केलं.

घराची खूण जपणारे आपण एकटेच नाही. आता पेडण्याला चला, मोरजीच्या किनाऱ्यावर. थंडीच्या दिवसांत रात्री ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत चढते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे धावतात. ना आई पाहिलेली, ना घर. तरीही समुद्री कासवांच्या माद्या वयात आल्यावर बहुधा आपण जन्मलो त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. पृथ्वीचं चुंबकत्व प्रत्येक किनाऱ्यावर थोडं थोडं वेगळं असतं, ते त्यांना जाणवतं. केनेथ लोहमन यांनी लॉगरहेड कासवांच्या पिल्लांना पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि भोवती तारांची वेटोळी लावून चुंबकत्व बदललं. पिल्लांनी पोहायची दिशाच बदलली! दूरच्या समुद्रातलं चुंबकत्व टाकीत आणलं, तर तिथे ज्या बाजूला वळायला हवं त्याच बाजूला ती वळली.

या सुट्टीत एक करून बघा. घरापासून बेताळाच्या देवळापर्यंतचा आणि तिथून नदीपर्यंतचा रस्ता आठवून कागदावर काढा. कुणाला काही विचारायचं नाही. मग आजीला सांगा, ती तुमच्याएवढी असतानाचा हाच रस्ता तिने काढायचा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि तिच्या नकाशातली जी जी झाडं, वळणं, घरं तुमच्या नकाशात नाहीत, त्यांच्याबद्दल एकेक करून विचारा. आजी आधी म्हणेल, आता काही आठवत नाही गो. तुम्ही पेन्सिल तिच्याच हातात राहू द्या.