समुद्रकाठची वास्तू

घर बांधणे म्हणजे केवळ भिंती उभ्या करून त्यांवर छप्पर घालणे नव्हे. ज्या भूमीवर घर उभे राहावयाचे, तेथील ऊन, वारा व पाऊस यांच्याशी त्याला जन्मभर संसार करावयाचा असतो. कोकणच्या किनाऱ्यावर हा संसार मोठा खडतर. पावसाळ्यात रत्नागिरीच्या परिसरात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि खारी हवा बाराही महिने लोखंडाला गंज चढवीत असते.

अशा ठिकाणी दुकान, खाणावळ व राहते घर ही तिन्ही एकाच वास्तूत बांधावयाची आहेत, असे समजा. साहित्य कोणते घ्यावे? उत्तर पायांखालीच आहे. कोकणच्या सड्यांवर जांभा दगड विपुल सापडतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असल्यामुळे सहज तासता येतो. पुढे हवा लागली की तो टणक होतो. या दगडाचा विटेसारखा उपयोग पाहून फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट.

जांभा सच्छिद्र असतो. म्हणून भिंतींना पावसापासून जपले पाहिजे. जोते उंच घ्यावे, छपराला चांगला उतार द्यावा आणि वळचण इतकी पुढे काढावी, की पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील. छपरासाठी कौले उत्तम. मंगळूर येथे १८६५ साली कौलांचा कारखाना निघाला आणि मंगलोरी कौले पुढे कोकणातही घरोघर आली.

रस्त्याकडील पडवीत दुकान, तिच्यामागे खाणावळ आणि माडीवर राहण्याच्या खोल्या असाव्यात. माडीचा जिना स्वतंत्र ठेवला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या वर्दळीने घरच्यांची शांतता मोडत नाही. खिडक्या समोरासमोर असल्या, की दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून वाहणारे मतलई वारे घरातून आरपार खेळतात.

सिमेंट मुळीच वापरू नये, असे नाही. परंतु किनाऱ्यावरची वाळू त्यात मिसळली, तर तिच्यातील मिठाने आतील लोखंड गंजते. गंज लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे बाहेरून भक्कम दिसणारा खांब आतूनच फुटतो. किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या व सुरूची बनेही राखावीत. वादळाचा पहिला मारा तीच झेलतात.

तथापि साहित्य स्थानिक आहे, एवढ्यानेच घर सुरक्षित होत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. छपराचे वासे भिंतींशी पक्के जखडले पाहिजेत, हा धडा त्या वादळाने दिला. पूर्वजांनी जांभा वापरला म्हणून आपणही वापरावा, एवढे पुरेसे नाही. तो त्यांनी का व कसा वापरला, हे जाणून त्यात नव्या ज्ञानाची भर घातली, तरच समुद्रकाठचे घर पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप जाईल.