चित्रांमुळे मूल मुकं होत नाही

“चित्रं दाखवत बसलात तर लेकरू बोलायचंच नाही.” स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबापांना हा सल्ला अनेकदा घरातूनच मिळतो. काळजीपोटी दिलेला असला, तरी तो चुकीचा आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 साली आधीच्या अभ्यासांतल्या 27 जणांच्या भरवशाच्या नोंदी तपासल्या. चित्रं किंवा खुणा वापरल्यामुळे एकाचंही बोलणं घटलं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं होतं. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र मात्र समोर थांबून राहतं. चित्रांचा आधार मोठ्यांनीही घेतला आहे. 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारांसाठी चिन्हं आली. त्यातून कुणाची बुद्धी कमी ठरली नाही.

दुसरा समज पैशांचा. अशा मुलांना रंगीत दिव्यांची खास खोली लागते आणि ती पुण्या-मुंबईतच मिळते, असं अनेकांना वाटतं. लातूरजवळ हरंगुळला संवेदना सेरेब्रल पाल्सी विकसन केंद्र आहे, लातूर शहरात ऑटिझमसाठी उमंग ही संस्था आहे. तिथलं मार्गदर्शन जरूर घ्यावं. पण सुरुवात घरातच होते. जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या, त्यावर दोनच चौकोन आखा: ‘आधी’ आणि ‘मग’. आधी आंघोळ, मग झोका. चित्र बाजारातलं कशाला? आपल्याच बादलीचा, आपल्याच झोक्याचा फोटो लावा. फोटो उमगत नसेल तर प्रत्यक्ष वस्तू हातात द्या. दप्तराचा पट्टा म्हणजे शाळा. मोबाइलमधल्या अ‍ॅपपेक्षा मला हा पुठ्ठाच आवडतो, कारण लाइट गेली तरी तो चालतो.

आणि चित्रांच्या अशा वेळापत्रकानं मूल हेकट होतं, असंही नाही. उलट बदल सांगायची सोय त्यातच असते. लातुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी नसलं की आंघोळीच्या चित्रावर फुली मारायची, शेजारी ओल्या टॉवेलचं चित्र लावायचं. काय हुकलं आणि त्याऐवजी काय, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं.

कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पळणाऱ्या पोराला ‘लाडावलंय’ म्हणतात. आवाज, उजेड, स्पर्श फार तीव्र किंवा फार कमी जाणवणं हा ऑटिझमच्या निदानाचा भाग आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून त्याची नोंद आहे. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. भिंतीला जुन्या साड्या, वाकळा टांगल्या तर तो थोडा दबतो. फडफडणारी ट्यूबलाइट बदला. एक कोपरा शांत ठेवा. शिक्षा म्हणून मात्र तिथं कधीच बसवू नका.

शाळेनं असं काही केलं तर ती मेहरबानी समजू नये. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, ऑटिझम त्यातलंच. मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करणं मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळांचं कर्तव्य आहे, असं त्याचं कलम 16 सांगतं. चित्रांची गरज दहावीनंतर संपतही नाही. कामावर जाणाऱ्या तरुणालाही कामांची चित्रयादी तितकीच उपयोगी पडते.

शेजाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गल्लीत अशा मुलाचं घर असेल, तर वरात किती वाजता निघणार, डीजे कुठून जाणार, हे आदल्या दिवशी त्या घरी सांगून ठेवा. त्याचं चित्र आई रात्रीच पुठ्ठ्यावर लावून ठेवील.