मोठी स्क्रीन की छोटी? इंचांआधी अंतर मोजा

जानेवारी संपत आला आणि शाळा सुरू व्हायची वेळ झाली, की वेस्टमीडमधल्या बऱ्याच मराठी घरांत एक चर्चा रंगते. सातवीत जाणाऱ्या लेकीला पहिला फोन कोणता घ्यायचा? भारतातून आलेले आई-बाबा परत निघालेले असतात, त्यांनाही नवा फोन द्यायचा असतो. स्वतःचाही कधीचा बदलायचा असतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, "मोठ्या स्क्रीनचा घ्या, डोळ्यांना बरा." कुणी म्हणतं, "छोटाच घ्या, मुलं कमी बघतील."

दोन्ही सल्ल्यांत थोडं तथ्य आहे. पण दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. डोळ्याला इंच कळत नाहीत. त्याला कळतो तो कोन आणि अंतर. हे एकदा समजलं, की कुणासाठी कोणता फोन घ्यायचा हे ठरवणं बरंच सोपं होतं. आणि मुलांच्या बाबतीत तर स्क्रीनच्या मापापेक्षा कितीतरी महत्त्वाचा धडा खुद्द वेस्टमीडमध्ये झालेल्या संशोधनातून मिळतो. त्याकडे शेवटी वळू.

आधी इंचांचा घोळ

स्क्रीनचं माप म्हणून जे इंच सांगतात, ती असते कर्णाची लांबी, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा कर्ण साडेतीन इंच होता. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट आणला तेव्हा "हा फोन आहे की पाटी?" अशी थट्टा झाली. आज ६.१ इंचाचा फोन 'छोटा' म्हणून विकला जातो. ॲपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंची 'मिनी' फोन काढले, पण २०२२ मध्ये ते माप बंद करून त्या जागी ६.७ इंची 'प्लस' आणला.

पण नुसत्या कर्णावरून स्क्रीन किती मोठी ते कळत नाही. लांबी-रुंदीचं प्रमाणही बघावं लागतं. पूर्वीचे बरेच फोन १६:९ प्रमाणाचे असत. आताचे अनेक फोन १९.५:९ किंवा त्याहून उंच-निमुळते असतात. हिशोब करून बघा. १६:९ प्रमाणाच्या साडेपाच इंची स्क्रीनचं क्षेत्रफळ साधारण ८३ चौरस सेंटिमीटर भरतं. १९.५:९ प्रमाणाच्या ५.८ इंची स्क्रीनचंही जवळपास तेवढंच भरतं. इंच वाढले, जागा तेवढीच राहिली, आणि रुंदी मात्र सुमारे सात मिलिमीटरने कमी झाली! वाचणाऱ्याला रुंदी महत्त्वाची, कारण ओळ किती लांब होणार ते रुंदीवर ठरतं. म्हणून दुकानात इंच विचारण्यापेक्षा फोन हातात घेऊन त्यावर एक मराठी लेख उघडून बघणं जास्त शहाणपणाचं.

खिशातला फोन भिंतीवरच्या टीव्हीपेक्षा मोठा

आता डोळ्याकडे येऊ. एखादी वस्तू किती मोठी दिसते, हे ती डोळ्याशी किती अंशांचा कोन करते त्यावर ठरतं. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट रुंद आहे, पण तो तितकाच लांबही आहे. म्हणून दोघे आकाशात जवळजवळ सारखेच दिसतात. फोनचंही तसंच.

६.१ इंची फोन आडवा धरला तर त्याची स्क्रीन सुमारे १४ सेंटिमीटर रुंद असते. डोळ्यापासून २५ सेंटिमीटरवर ती साधारण ३१ अंशांचा कोन करते. बैठकीतला ५५ इंची टीव्ही १२२ सेंटिमीटर रुंद असतो, पण तीन मीटरवरच्या सोफ्यावरून तो फक्त २३ अंशांचा दिसतो. म्हणजे नाकाशी धरलेला छोटा फोन डोळ्याच्या लेखी त्या टीव्हीपेक्षा मोठा आहे.

मग डोळ्याला त्रास कशाने होतो? अंतराने. लांबचं बघताना डोळ्यातलं भिंग चपटं असतं. जवळचं बघताना आतला स्नायू आवळून त्याला फुगीर व्हावं लागतं. हे काम किती, ते डायॉप्टरमध्ये मोजतात आणि त्याचा हिशोब सोपा आहे: १०० ला अंतराच्या सेंटिमीटरने भागायचं. तीन मीटरवरच्या टीव्हीसाठी एक तृतीयांश डायॉप्टर, ५० सेंटिमीटरवरच्या लॅपटॉपसाठी २, ४० वरच्या पुस्तकासाठी अडीच, २५ वरच्या फोनसाठी ४, आणि पांघरुणात तोंडाशी, २० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनसाठी ५. टीव्ही आणि २५ सेंटिमीटरवरचा फोन यांत बारापट फरक पडला, तोही टीव्हीचा 'आकार' कमी दिसत असताना.

म्हणजे मोठ्या स्क्रीनचा खरा फायदा एकच. अक्षरं मोठी करून ती लांब धरता येते. चार मिलिमीटरचं अक्षर ५० सेंटिमीटरवरून तेवढंच दिसतं, जेवढं दोन मिलिमीटरचं २५ सेंटिमीटरवरून. दिसणं तेच, डोळ्याचं काम निम्मं. पण मोठा फोन घेऊन अक्षरं बारीकच ठेवली आणि तो जवळच धरला, तर डोळ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

जाहिरातीतल्या पिक्सेलबद्दलही इथेच सांगतो. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखतो. ३० सेंटिमीटरवर हे अंतर जेमतेम ०.०९ मिलिमीटर होतं. म्हणजे इंचाला सुमारे ३०० पिक्सेल असले की बहुतेकांना ठिपके दिसेनासे होतात. आयफोन ४ ने २०१० मध्येच ३२६ चा आकडा गाठला होता. आज बहुतेक चांगले फोन याच्या पुढे आहेत, त्यामुळे केवळ पिक्सेल जास्त म्हणून जादा पैसे मोजायचं कारण नाही.

चाळिशी आणि देवनागरी

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग कडक होत जातं. दहा वर्षांच्या मुलाचा डोळा बारा-एक डायॉप्टरपर्यंत जोर लावू शकतो, पंचेचाळिशीत तो तीन-चारवर येतो आणि साठीत जेमतेम एकावर. यालाच आपण 'चाळिशी लागली' म्हणतो. शिवाय पूर्ण जोर सतत लावून वाचता येत नाही. निम्मा तरी राखीव असावा लागतो. म्हणून पंचेचाळिशीतला माणूस फोन लांब लांब धरू लागतो आणि मग अक्षरं लहान पडतात. आई-बाबांचा चाळिशीचा चष्मा साधारणपणे ४० सेंटिमीटरच्या आसपास स्पष्ट दिसेल असा असतो. फोन त्याच्या आत आणला की धूसर. त्यांच्यासाठी मोठी स्क्रीन ही चैन नाही, गरज आहे. पण देताना सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवून द्या. नाहीतर मोठ्या फोनवर बारीक अक्षरं घेऊन बाबा पुन्हा तो नाकाशीच नेतील.

आपल्या लिपीमुळे यात आणखी भर पडते. इंग्रजी अक्षराच्या मानाने देवनागरी अक्षराला उभी जागा जास्त लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. त्यामुळे तेवढ्याच जागेत ओळी कमी मावतात, किंवा अक्षर लहान करावं लागतं. आणि लहान केलं की घोटाळा होतो तो नेमका बारकाव्यांत: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष्ट आणि ष्ठ, द्ध आणि द्व. भारतात वाढलेला वाचक संदर्भावरून भागवून नेतो. रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाकडे तो संदर्भ नसतो. 'घर' आणि 'धर' यांतला फरक त्याला डोळ्यानेच शोधावा लागतो. म्हणून मराठी वाचनासाठी फोन हे सगळ्यात शेवटचं साधन. शक्य असेल तर टॅब्लेट, त्याहून बरं छापील पुस्तक.

हाताची बाजू

एवढं वाचून मोठाच फोन बरा असं वाटेल, पण हातालाही मत आहे. आयफोन १३ च्या मिनीचं वजन सुमारे १४० ग्रॅम होतं, त्याच पिढीतल्या प्रो मॅक्सचं सुमारे २४०. एकाच प्रमाणात ५.४ वरून ६.७ इंचावर गेलं की क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त होतं, पण अंगठा तेवढाच राहतो! वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला पकड सैल करावी लागते, आणि फोन निसटतो तो बहुधा तेव्हाच. सकाळच्या गर्दीत वेस्टमीडहून सिटीकडे जाणाऱ्या ट्रेनमध्ये एका हाताने दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायला नको.

आणखी एक गंमत आहे. हात दमला की कोपर शरीराला टेकतो, फोन छातीशी येतो आणि मान खाली वाकते. म्हणजे ज्या अंतरासाठी मोठा फोन घेतला, तेच अंतर त्याच्या वजनाने कमी होतं. टेबलावर स्टँडला टेकवून बघणार असाल तर मोठा चांगला. दिवसभर एका हातात, चालता-फिरता वापरणार असाल तर हलका.

वेस्टमीडने मुलांबद्दल काय शोधलं?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. वेस्टमीड हॉस्पिटलमध्ये सिडनी विद्यापीठाचं दृष्टिसंशोधन केंद्र आहे. तिथले प्राध्यापक पॉल मिचेल आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन रोझ यांच्या पुढाकाराने 'सिडनी मायोपिया स्टडी' झाला. सिडनीतल्या ५१ शाळांमधली सहा वर्षांची १,७६५ आणि बारा वर्षांची २,३६७ मुलं त्यात तपासली गेली. मायोपिया म्हणजे लांबचं अंधुक दिसणं. यात डोळ्याचा गोळा वाढीच्या वयात गरजेपेक्षा लांबट होतो. साधारण एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे अडीच-तीन नंबरचा चष्मा. प्रश्न फक्त चष्म्याचा नाही. नंबर फार वाढला तर पुढे दृष्टिपटल सुटणं, काचबिंदू असे धोकेही वाढतात.

या अभ्यासातले बारा वर्षांच्या मुलांच्या वाचनाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. जवळून काम करण्याचे एकूण तास आणि मायोपिया यांचा ठळक संबंध दिसला नाही. पण ३० सेंटिमीटरपेक्षा जवळ धरून वाचणाऱ्या मुलांत मायोपियाची शक्यता सुमारे अडीचपट होती, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग वाचणाऱ्यांत दीडपट. किती तास वाचलं यापेक्षा किती जवळून आणि किती सलग, हे जास्त बोलकं ठरलं. हे सगळं पुस्तकांबद्दल आहे, स्मार्टफोन तेव्हा मुलांच्या हातात आलाच नव्हता. पण फोन ३० सेंटिमीटरच्या आत धरायला आणि सलग बघायला पुस्तकापेक्षा कितीतरी सोपा आहे, हे कुठल्याही पालकाला ठाऊक आहे.

त्याच वर्षी दुसरा निष्कर्षही आला. सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना केली गेली. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना मायोपिया होता, सिडनीत फक्त ३.३ टक्के. आई-वडिलांना चष्मा असण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं, आणि सिडनीची मुलं पुस्तकं उलट जास्त वाचत होती! मोठा फरक होता तो बाहेर घालवलेल्या वेळात: सिडनीत आठवड्याला १३.७५ तास, सिंगापुरात ३.०५ तास.

नुसत्या तुलनेवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या १२ शाळांत प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला. तीन वर्षांत तिथल्या ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. यामागचं कारण उजेडात असावं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामाइन जास्त स्रवतं आणि ते डोळ्याची लांबट वाढ रोखतं. वर्गात उजेड असतो ३०० ते ५०० लक्स, बाहेर दिवसा सावलीतही दहा हजारांच्या घरात. म्हणजे इथल्या उन्हात मूल टोपी घालून, सनस्क्रीन लावून, पॅरामॅटा पार्कमधल्या झाडांखाली खेळलं तरी डोळ्याला हवा तो उजेड मिळतो.

मग घ्यायचा कोणता?

आई-बाबांसाठी मोठा, अक्षरं वाढवून आणि सोबत एक स्टँड देऊन. ट्रेनमध्ये उभ्याने वापरणाऱ्यासाठी हातात नीट मावेल असा. मुलांसाठी कोणताही चालेल, पण कार्टून किंवा सिनेमा फोनवर न बघता टीव्हीवर लावायचा. गोष्ट तीच, डोळ्याचं काम बारापट कमी.

आणि अंतर मोजायला पट्टी लागत नाही. मूठ गालाला टेकवा. कोपर जिथे येतं, त्याच्या अलीकडे फोन नको. मुलाच्या हाताचं माप मुलाच्या उंचीप्रमाणे आपोआप जुळतं, म्हणून हा नियम पाच वर्षांच्या मुलालाही एकदा दाखवला की कळतो. अर्ध्या तासाने फोन खाली ठेवायचा आणि शाळेतून आल्यावर दिवस मावळायच्या आत थोडा वेळ बाहेर खेळायचं. फोन घेताना कर्णाचे दोन-चार दशांश इंच कमी-जास्त झाले, तर त्याने इतका फरक पडणार नाही.