पडद्यापलीकडचे इंजेक्शन

अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी बारीक आणि बहुधा एकटीच असते. तिचा प्रवाह अडला, तर रक्त आणणारी दुसरी वाट नसते. आवाजाचे विद्युतसंदेश करणाऱ्या केसपेशींना प्राणवायूचा तुटवडा फार काळ सोसत नाही. तीन दिवसांच्या आत एका कानाचे ऐकणे अचानक खालावले, की या रक्तपुरवठ्यावर संशय जातो. विषाणू किंवा बिघडलेली प्रतिकारशक्ती यांचाही हात असू शकतो. बहुतेक रुग्णांत नेमके कारण सापडत नाही.

सकाळी उठताच कानात दडा बसल्यासारखे वाटते, आत गुणगुण सुरू असते, कधी गरगरते. मळ किंवा सर्दी असेल म्हणून तेल घालून आठवडा काढला जातो आणि तिथेच घात होतो, कारण यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा लाभ होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वाधिक असते. मळ की आतला बिघाड, हे ऑडिओग्राम सांगतो. सोबत चेहरा वाकडा होत असेल, बोलणे अडखळत असेल, तर तो पक्षाघात समजून तडक रुग्णालय गाठावे.

स्टेरॉइड धमनीतला अडथळा काढत नाही. दाह आणि सूज उतरवते. गोळ्या घेतल्या तर औषध सर्वांगात फिरते, मधुमेह्याची साखर भडकते आणि अंतर्कर्णात मात्र थोडेच पोहोचते. म्हणून कानाचा पडदा बधिर करून बारीक सुईने डेक्सामेथासोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन मध्यकर्णात सोडतात. मात्रा एक मिलीलिटरहूनही कमी. रुग्णाने तो कान वर करून अर्धा तास पडून राहायचे आणि शक्यतो गिळायचे नाही, नाहीतर औषध घशात उतरते. मध्यकर्णातून ते अंतर्कर्णाच्या तोंडाशी असलेल्या गोल खिडकीच्या पातळ पटलातून आत झिरपते.

अमेरिकेत 250 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळ्या घेणाऱ्यांचे ऐकणे सरासरी 30.7 डेसिबलने सुधारले, तर दोन आठवड्यांत चार इंजेक्शने घेणाऱ्यांचे 28.7 डेसिबलने. म्हणजे इंजेक्शन गोळ्यांहून सरस नाही, पण कमीही नाही. ज्यांना गोळ्या झेपत नाहीत, त्यांच्यासाठी एवढे पुष्कळ आहे. गोळ्यांनी गुण आला नाही, तरी दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान हा मार्ग उरतो. टोचताना दुखते, थोडा वेळ गरगरते. क्वचित पडद्याला छिद्र राहते किंवा जंतुसंसर्ग होतो.

काही कान उपचाराविनाही सावरतात, काही उपचारानंतरही नाही. माणसाच्या मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. अशांना श्रवणयंत्र आणि नुकसान फार असल्यास कॉक्लियर इम्प्लांट यांचा आधार घ्यावा लागतो.