मंदीचा पहिला वार प्रयोगशाळेवर!

३१ ऑगस्ट २००८ रोजी पुण्यात आशिया-पॅसिफिक देशांतील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' ही स्पर्धा भरली होती. यजमान दूरदर्शन आणि त्या वर्षीचा विषय होता 'गोविंदा', म्हणजे यंत्रमानवांची दहीहंडी! (खऱ्या दहीहंडीत थर रचणारी पोरे कोणत्या वस्तीतली असतात आणि लोणी कोणाच्या ताटात जाते, यावर आम्ही पुन्हा कधीतरी लिहू.) त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, १५ सप्टेंबर रोजी, अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स या बँकेने दिवाळे जाहीर केले आणि जगभर मंदीची बोंब सुरू झाली.

त्या काळात प्रस्थापित वर्तमानपत्रांनी सेन्सेक्स किती कोसळला, आयटीतल्या कोणाची नोकरी गेली, याचे रकानेच्या रकाने भरले. पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्र रात्र बसून मोटारी जोडणाऱ्या पोरांचे काय झाले, हे कोणी विचारले काय? जानेवारी २००८ मध्ये डॉलर ४० रुपयांच्या आत होता, मार्च २००९ मध्ये तो ५० च्या वर गेला. रोबोटला लागणारे सेन्सर, चांगल्या मोटारी, बॅटऱ्या हा बराचसा माल परदेशी. म्हणजे पोरांनी काही न करताच त्यांचा रोबोट पाव हिश्श्याने महागला!

आता या संघांचा पैसा येतो कुठून, ते समजून घेतले पाहिजे. एक खिसा कॉलेजचा, दुसरा एखाद्या कंपनीच्या प्रायोजकत्वाचा आणि तिसरा विद्यार्थ्यांच्या वर्गणीचा. मंदी आली की कंपनी सर्वांत आधी हात वर करते. मग कॉलेज 'यंदा बजेट नाही' म्हणते. राहिली वर्गणी, ती दुप्पट होते. आणि वर्गणी दुप्पट झाली की संघातून पहिला कोण गळतो, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आमच्या ओळखीचा एक मुलगा आहे. वडील नगरपालिकेत सफाई कामगार. पोराच्या हाताला वेल्डिंगची अशी सवय, की संघातले बाकीचे त्यालाच बोलावीत. वर्गणीचा आकडा वाढला तेव्हा त्याने 'अभ्यास मागे पडतोय' असे कारण सांगून नाव काढून घेतले. खरे कारण त्याने कोणालाच सांगितले नाही. सरांनीही विचारले नाही. पुढे मुलाखतीत 'कोणता प्रकल्प केला?' असा प्रश्न येतो, तेव्हा ज्यांचे नाव संघाच्या यादीत आहे तेच उत्तर देऊ शकतात. ज्याने सांधे जोडले तो गप्प बसतो. याला गुणवत्ता म्हणायचे काय?

अमेरिकेतही याच मंदीत हाच प्रश्न उभा राहिला होता. तिथे शाळकरी मुलांसाठी 'फर्स्ट' नावाची रोबोटिक्स स्पर्धा आहे. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये पहिली स्पर्धा घेतली. मोटारींचे माहेरघर असलेल्या मिशिगन राज्यात कित्येक शाळांचे संघ मोटार कंपन्यांच्या आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्यांच्या पैशावर व त्यांच्याच इंजिनीअरांच्या मार्गदर्शनावर चालत. २००९ मध्ये ३० एप्रिलला क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. त्या वर्षी राज्यातील बेकारी १४ टक्क्यांच्या घरात पोहोचली होती. बाप बेकार, बापाची कंपनी बुडालेली आणि पोराच्या रोबोटवर त्याच कंपनीचे नाव!

आम्हाला कौतुक वाटते ते यापुढच्या गोष्टीचे. मिशिगनच्या लोकांनी स्पर्धेची रीतच बदलली. पूर्वी एका विभागीय स्पर्धेसाठी हजारो डॉलर शुल्क भरायचे, मोठ्या शहरातील भव्य सभागृहात जायचे, हॉटेलात राहायचे आणि तीन दिवसांत परत यायचे. २००९ पासून तिथे जिल्हा पातळीवरच्या लहान स्पर्धा सुरू झाल्या. त्या शाळांच्या व्यायामशाळेत, आजूबाजूच्या स्वयंसेवकांच्या हाताने भरविल्या गेल्या. एका स्पर्धेच्या पैशात दोन स्पर्धा मिळू लागल्या. झगमगाट कमी झाला, पण पोरांना रोबोट चालवायला जास्त वेळ मिळाला. पुढे राज्य सरकारने शालेय अंदाजपत्रकातच रोबोटिक्स संघांसाठी तरतूद केली. आज त्या एका राज्यात पाचशेहून अधिक संघ आहेत, अमेरिकेतील कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. कंपन्यांच्या मेहेरबानीवर उभा असलेला डोलारा सरकारी तरतुदीच्या पायावर आला, हा यातला खरा मुद्दा आहे.

आता कोणी म्हणेल, पैसा लागतोच कशाला, जिद्द असली की सगळे होते! या मंडळींना अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहराची गोष्ट फार आवडते. आम्हालाही आवडते, पण ती अर्ध्यावर सोडलेली आवडत नाही. २००४ मध्ये कार्ल हेडन हायस्कूलच्या चार मुलांनी पाण्याखाली चालणाऱ्या रोबोटच्या स्पर्धेत भाग घेतला. ही मुले मेक्सिकोतून आलेल्या गरीब घरांतली, ज्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रेसुद्धा नव्हती. आठशे डॉलरच्या आसपास खर्चून, नळाला वापरतात ते पीव्हीसी पाइप जोडून त्यांनी रोबोट उभा केला. पाइप चिकटविण्याच्या गोंदाचा वास इतका, की नावच पडले 'स्टिंकी'. ऐन वेळी विजेच्या डब्यात पाणी झिरपू लागले, तेव्हा पोरांनी दुकानातून स्त्रियांच्या पाळीत वापरायचे टॅम्पॉन आणून ते पाणी टिपले. आणि या पोरांनी हरविले कोणाला? जगप्रसिद्ध एमआयटीला! एमआयटीच्या संघामागे तेल कंपनीचा पैसा होता. शिक्षक फ्रेडी लाजवर्दी आणि अ‍ॅलन कॅमेरॉन यांनी या पोरांना मुद्दाम महाविद्यालयीन गटात उतरविले होते. हरलो तर मोठ्यांकडून हरलो म्हणता येईल, असा त्यांचा हिशेब होता!

टाळ्या इथे वाजतात. पण पुढे काय झाले? नोव्हेंबर २००६ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन ३००' मंजूर केले. कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना राज्यातील रहिवाशांची सवलतीची फी नाही आणि सरकारी मदतही नाही, असा तो कायदा. संघातील अत्यंत हुशार क्रिस्टियन आर्सेगा याला वाढलेल्या फीमुळे विद्यापीठ सोडावे लागले. ऑस्कर वास्केझ याने नेटाने २००९ मध्ये, ऐन मंदीत, यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. पण कागदपत्रांशिवाय नोकरी कोण देणार? तो स्वतःहून मेक्सिकोत परतला आणि त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी आली. एका सिनेटरने त्याचे प्रकरण उचलून धरल्यावर २०१० मध्ये तो परत येऊ शकला. पुढे तो अमेरिकी सैन्यात भरती झाला. म्हणजे एमआयटीला हरविणाऱ्या चौघांपैकी एकाला इंजिनीअर होता आले, तेही इतक्या वळणांनी. जिद्दीने चषक मिळाला, पण फी भरता आली नाही!

आमच्या चळवळीला हे नवीन नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ती मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज एवढ्यावर ते पुन्हा गेले. एवढा मोठा विद्वान, पण त्याचे शिक्षण तीन वर्षे पैशाअभावी अडून राहिले!

हा अनुभव ते विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात शिष्यवृत्त्यांची मागणी करताना त्यांनी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणावर खास बोट ठेवले. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या लोकांचे फारसे भले होणार नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असेही त्यांनी मागितले. वेळ कोणती होती? दुसरे महायुद्ध ऐन भरात आणि सरकारची तिजोरी युद्धाकडे वळलेली. 'आता दिवस वाईट आहेत, नंतर मागू' असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. १९४४ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली ती या रेट्यामुळे.

आजची स्थिती काय? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. ऐकायला छान. पण रक्कम नफ्याला बांधलेली, म्हणजे नफा आटला की हा झराही आटतो, गरज वाढते नेमक्या त्याच वेळी. शिवाय पैसा कुठे द्यायचा हे कंपनी ठरविते. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधीला दिलेली देणगी याच खर्चात धरली जाईल असे सरकारने जाहीर केले. मग एखाद्या तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधील संघाला कंपनी कशाला विचारील?

२०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आहे. योजना वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण मूळ नियमांत सपाट प्रदेशातील शाळेकडे १५०० चौरस फूट जागा हवी होती. ज्या जिल्हा परिषद शाळेत दोन खोल्यांत चार वर्ग बसतात, तिने ही जागा कुठून आणायची? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क आणि निर्वाह भत्ता आहे. स्पर्धेच्या संघाची वर्गणी, प्रवासभाडे, जळालेली मोटार या कशाचाही त्यात हिशेब नाही. आणि ही शिष्यवृत्तीही किती उशिरा हातात पडते, हे वसतिगृहातल्या पोरांना विचारा.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. संघाची वर्गणी आणि साहित्याचा खर्च शिष्यवृत्तीच्या मान्य बाबींत घ्यावा. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दरवर्षी अखर्चित राहतो किंवा दुसरीकडे वळविला जातो अशी ओरड आपणच करतो. त्यातून अभियांत्रिकी कॉलेजे आणि पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपला पैसा द्यावा. मिशिगनसारख्या जिल्हा पातळीवरच्या स्वस्त स्पर्धा आपल्या आयटीआयच्या शेडमध्येही भरू शकतात. तिथे लेथ आहे, वेल्डिंग आहे आणि शिकविणारे निदेशकही आहेत.

आणि जयंती मंडळांनाही एक विचारतो. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती मोटारी, किती बॅटऱ्या येतात, याचा हिशेब या वर्षी कोणी मांडील काय? वस्तीतल्या अभियांत्रिकीच्या पोरांना बैठकीला बोलवा, त्यांच्याकडून साहित्याची यादी आणि किंमत घ्या. रोबोकॉनचा पुढचा विषय जाहीर झाला की कॉलेजात संघ निवडले जातात. त्याच्या आधी प्राचार्यांना लेखी विचारा, की यंदा संघाची वर्गणी किती आहे आणि ती न भरू शकणाऱ्या मुलासाठी कॉलेजने काय सोय केली आहे. उत्तर लेखीच घ्या.